सावडीचे किलोमीटर

माझ्या सासूबाईंचा, गिरजाबाईंचा, आवाज एवढा मोठा आहे की त्या ओट्यावरून मला हाक मारतात आणि ओढ्यापलीकडचा माणूस ‘काय गो?’ म्हणून विचारतो. मी वाशिंदची, कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली. लग्न होऊन धसईच्या अलीकडे या गावात आले, तेव्हा भाताचं रोप कुठलं आणि गवत कुठलं हेही मला कळत नव्हतं. पहिल्या लावणीला हातात रोपांची जुडी धरून चिखलात नुसती उभी होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, बांधावरून एकच शब्द ओरडल्या, ‘‘वाक!’’

मी वाकले. संध्याकाळी कंबर सरळ होईना, तेव्हा तेल चोळून देणाऱ्याही त्याच. ‘‘शिकशील,’’ म्हणाल्या, ‘‘आमी पण आईच्या पोटात शिकून नव्हतो आलो.’’ तेव्हापासून दर लावणीला तो एक शब्द माझ्या पाठीवर पडतो. सोळा वर्षं झाली.

मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. धावायचं खूळ मला पस्तिशीत लागलं. माझ्या वडिलांना साखर, काकांना साखर. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. चालायचा मला जाम कंटाळा, म्हणून धावायला लागले. पंजाबी ड्रेस आणि खाली नवऱ्याचे, अनिलचे, जुने बूट. धसईहून मुरबाडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरने पहिल्या आठवड्यात माझ्यासाठी तीनदा गाडी थांबवली. चौथ्या दिवशी वैतागून म्हणाला, ‘‘अहो ताई, बसायचं नाय तर पळता कशाला?’’ आता तोच ड्रायव्हर रोज हॉर्न वाजवून हात करतो. हौस म्हणजे हौस. बक्षीस मला कधी मिळालं नाही आणि त्याची खंतही नाही.

पण मागच्या वर्षी मी हौसेसाठी धावत नव्हते. दिपिकासाठी धावत होते.

दिपिका म्हणजे वरच्या वाडीतल्या मंगळू आणि बुधीची मुलगी. चार वर्षांची, डोळे टपोरे, आणि सदा आईच्या लुगड्याला चिकटलेली. अंगणवाडीत गाणी चालली की ही आमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. एकदा खिचडीच्या पातेल्याचं झाकण तिच्या मागे धाडकन पडलं. सगळी पोरं दचकली. ही मातीत रेघोट्या ओढत होती, तशीच ओढत राहिली. मी ते झाकण उचलून पुन्हा आपटलं. तिनं मान वळवली नाही. बुधी आपली सांगत राहिली, ‘‘ती लाजाळू हाय बाई, म्हणून बोलत नाय.’’

शहापूरला तपासणी झाली. कान अगदीच गेलेले नव्हते. कानाची मशिनं लागली तर ऐकेल, पण लवकर लावा, बोलायला शिकायचं वय निघून चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी कागद केले होते. ते कुठल्या तरी टेबलावर झोपले होते.

त्याच वेळी वाशिंदला धावणाऱ्यांच्या एका मंडळाने उपक्रम काढला. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ज्याने पाचशे किलोमीटर पुरे केले, त्याने सुचवलेल्या एका गरजेचा सगळा खर्च मंडळ उचलणार. मोजणी मोबाइलच्या अ‍ॅपवर. एक किलोमीटर कमी पडला तरी ती गरज पुढच्या वर्षावर. मी अर्जात लिहिलं, ‘दिपिकाची दोन्ही कानांची मशिनं’. बुधीला सांगितलं, पाडव्यानंतर मशिनं लागतील. आता शब्द दिला म्हटल्यावर संपलंच.

संक्रांतीपर्यंत माझे तीनशे ऐंशी किलोमीटर झाले होते. मी खुशीत होते आणि खुशीत माणूस गाढवपणा करतं. डाव्या पायाची नडगी पंधरा दिवस ठणकत होती. मी कुणाला सांगितलं नाही. बाम चोळायचा, पट्टी गुंडाळायची आणि वर सलवार. एकदा आईंनी विचारलं, ‘‘लंगडतेस का गो?’’ मी म्हटलं, ‘‘छे, बूट चावतोय.’’ संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुलाच्या उतारावर पाय टेकला आणि अशी काही कळ उठली की मी रस्त्याच्या कडेला बसकणच मारली. शेवटी त्याच एसटीने घरी आणून सोडलं. ड्रायव्हरने स्वतः हात धरून खाली उतरवलं.

शहापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला केसाएवढी चीर. ‘‘तीन आठवडे घरातल्या घरात. मग दाखवायला या. धावण्याचं नाव उन्हाळ्यापर्यंत काढायचं नाही.’’

‘‘पाडव्याच्या आत मला एकशेवीस किलोमीटर...’’

‘‘ताई, आत्ता धावलात तर हाड मोडेल. मग मोजत बसा किलोमीटर.’’

घरी येऊन मी खाटेवर पडले आणि सगळ्यांवर डाफरायला लागले. अनिलने चहा आणला तर चहात साखर जास्त. नाही आणला तर माझी किंमत नाही. सगळा राग खरं तर माझा माझ्यावरच होता. पंधरा दिवस आधी थांबले असते तर ही वेळ आली असती का? तिसऱ्या दिवशी बुधी करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनी पाय दाबायला आली. मशिनाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले.

आई हे सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा फोन काढून घेतला. ‘‘सारखं त्या फोनात धावणाऱ्या बायांचे फोटू बघतेस नि रडतेस. दुपारपर्यंत फोन माझ्याजवळ.’’ मी वाद घातला नाही. म्हटलं, बरोबरच बोलतायत.

पंधरा दिवस असे गेले. मग एका दुपारी वाशिंदहून रुपा मॅडमचा फोन आला. मंडळाची नोंद त्या बघतात. आधी माझी विचारपूस केली, मग जरा अडखळून म्हणाल्या, ‘‘हर्षालीताई, तुमचा पाय दुखावलाय असं कळलं होतं. पण अ‍ॅपवर तर तुम्ही रोज धावताय. आणि मंगळवारी तुम्ही चाळीस मिनिटांत एकवीस किलोमीटर धावलात. एवढं तर जगात कुणीच धावत नाही.’’

मला काही कळेना. मी फोन ठेवला आणि अ‍ॅप उघडलं. नकाशावर माझ्या नावाने रेघाच रेघा. एक रेघ वरच्या वाडीपर्यंत चढून गेलेली. एक विहिरीशी चौदा वेळा जाऊन आलेली. एक डोंगरात बकऱ्यांमागे फिरावी तशी वेडीवाकडी. आणि मंगळवारची रेघ डांबरी रस्त्याने सरळ मुरबाडच्या एसटी स्टँडवर.

‘‘आईऽ!’’ त्या दिवशी माझा आवाज ओढ्यापलीकडे गेला असेल.

आई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. लपवायचं काही आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. माझा फोन सकाळी त्या अ‍ॅपचं हिरवं गोल बटण दाबून बायांकडे द्यायच्या. बुधी तो कमरेला खोचून पाणी भरायची. शेजारची लहानी बकऱ्यांमागे घेऊन जायची. ‘‘त्रेसष्ट झाले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बसचे सोडून. ती अनिता येडी, बाजाराला जाताना घेऊन गेली. म्हणे, बसनं लवकर होतील. चांगली झापली तिला. बसचे धरायचे नाय म्हटलं, आपल्याला पाप नको.’’

‘‘अहो आई, हे सगळंच पाप आहे! ही फसवणूक आहे! माझ्या नावावर दुसऱ्याने कसं चालायचं? आता ते माझं नावच काढून टाकतील. दिपिकाचं काय?’’

आईंनी सूप खाली ठेवलं. ‘‘अनिल झाला तेव्हा ऐन लावणीत मी बाजेवर होते. माझी सगळी खाचरं गावानं लावली, सावडीनं. दिवाळीला भात आलं. तेव्हा कोण म्हणालं का, गिरजे, हे भात तुझं नाय?’’

सावड म्हणजे आमच्याकडे असं, की आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. कुणी आजारी पडलं तर त्याचं आधी. त्याने पुढे अंगमेहनतीने फेडायचं. किलोमीटर हे त्यांच्या लेखी शेतच होतं. पाचशेतलं तीनशे ऐंशी लावून झालं, बाई आजारी पडली, मग उरलेलं बाकीच्यांनी लावायचं. यात चूक ती कुठली? भांडायला तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. त्रेसष्ट किलोमीटर! डोक्यावर हंडा घेऊन, अनवाणी, माझ्यासाठी.

तरी खोटं ते खोटंच. पुढच्या आठवड्यात शहापूरला डॉक्टरांना दाखवायचं होतं. तिथूनच वाशिंदला जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवलं. आई म्हणाल्या, ‘‘मी पण येते. केलं मी, तू कशी एकटी जातेस?’’ अनिलने सुट्टी टाकून ओळखीच्याची जीप आणली.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितला. चीर भरत होती. ‘‘आता चाललात तरी चालेल. सपाटीवर, हळू, दिवसाला तीन किलोमीटर. पण सगळं मिळून तीन. घरातलं, विहिरीचं, अंगणवाडीचं, सगळं त्यातच आलं. दुखलं की जिथे असाल तिथे थांबायचं.’’

रुपा मॅडमच्या घरी मी सगळं सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते. आई मध्येच म्हणाल्या, ‘‘हिला कायपण ठाऊक नव्हतं. मी केलं. काय बोलायचं ते मला बोला.’’ रुपा मॅडम बसच्या गोष्टीला एवढ्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग मात्र गंभीर झाल्या. आमच्यासमोर त्यांनी एकेक करून पंधरा दिवसांच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. पुन्हा तीनशे ऐंशी.

‘‘म्हणजे आमच्या बायांचे पाय खोटे?’’ आईंचा आवाज चढला.

‘‘नाही, मावशी. पाय खरे आहेत, पण हर्षालीताईंचे नाहीत. बाकीचे बावीस जण स्वतःच्या पायांनी पाचशे करतायत, त्यांना मी काय सांगू?’’

आई म्हणाल्या, ‘‘ती धावली नाय, नुसती चालली, तर धराल?’’

‘‘धावू देत, चालू देत, रांगू देत. पाय त्यांचे पाहिजेत, एवढंच.’’

परतताना जीपमध्ये आई तोंड फिरवून बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, रागावल्या. मुरबाड मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, ‘‘डॉक्टरनं तुला रोजचे तीन किलोमीटर दिलेत. मग ते घरात कशाला घालवायचे? पाणी भरण्यात नि चुलीपुढं नाचण्यात? ते सगळे रस्त्यावर घाल. घरातलं आमी बघतो.’’

आणि त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मी उठले तर बुधीने दोन हंडे भरून ठेवलेले. पुढे रोजच. लहानी आमच्या गुरांचं शेण काढून, गोठा झाडून जायची. शेजारच्या ताराबाईंकडून भाकऱ्या यायच्या, आणि त्या आमच्यापेक्षा मऊ असतात हे अनिलने बोलून दाखवलं म्हणून एक वेळ उपाशी राहिला. अंगणवाडीत मदतनीस सरिता मला खुर्चीवरून उठू द्यायची नाही. पोरांची वजनं ती घ्यायची, मी लिहायची. अनिता एसटीच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून माझे कपडे धुवायची. मी खाटेवरून उतरले की कुणी ना कुणी ओरडायचं, ‘‘बस! पावलं वाया घालवू नको!’’

मला बसणं जमत नव्हतं, हे खरं सांगते. दुसरी बाई आपल्या चुलीपुढे राबतेय आणि आपण पाय पसरून बसलोय, याची इतकी लाज वाटायची की मी चिडचिड करायची. लहानीला एकदा म्हटलं, ‘‘मी काय लुळी झालेय?’’ ती शेणाची पाटी उचलत म्हणाली, ‘‘माझ्या पोटुशीपणात तू माझी नाचणी कापलीस, तवा मी लुळी होते काय?’’ मला तर ते आठवतही नव्हतं. तिने मात्र जपून ठेवलं होतं. त्यानंतर मी चिडायचं सोडलं. घ्यायलाही शिकावं लागतं, आणि ते मला धावण्यापेक्षा जड गेलं.

रोज संध्याकाळी ऊन उतरलं की मी काठी घेऊन निघायची, पुलाच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर. फोन माझ्याच हातात. आई बरोबर चालायच्या, राखणीला. मी पाऊल जरा जोरात टाकलं की मागून आवाज, ‘‘गाडी सुटतेय काय तुझी?’’ असं करत करत होळीपर्यंत चारशे त्रेसष्ट झाले.

आणि होळीनंतर नडगी पुन्हा ठणकली.

या वेळी बूट चावतोय असं म्हणणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. दिवस मोजलेले होते. पण बुधीचे हंडे आठवले, लहानीची पाटी आठवली. आता हा पाय माझ्या एकटीचा राहिला नव्हता. मी जिथे होते तिथे थांबले आणि म्हटलं, ‘‘आई, दुखतंय.’’ आईंनी मला दगडावर बसवलं आणि स्वतः जाऊन कुणाची तरी मोटारसायकल थांबवली. चार दिवस मी खाटेवर. ते चार दिवस माझ्या जिवाला घोर होता, पण त्या चार दिवसांनीच पाय वाचला, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी चारशे अठ्ठ्याण्णव झाले. राहिलेले दोन पाडव्याच्या सकाळी. गुढी उभारून मी निघाले तर दारात सगळ्या जणी उभ्या, नवी लुगडी नेसून. बुधीच्या कडेवर दिपिका. पुलापर्यंत एक, पुलापासून परत एक. आमच्या दारात फोन टिंग वाजला आणि आई खेकसल्या, ‘‘झालं काय? का अजून हाय?’’ मी मान हलवली. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या डाव्या नडगीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मी मागे सरकले, ‘‘आई, काय करताय!’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुला नाय केला नमस्कार. पायाला केला.’’

चैत्र संपायच्या आत दिपिकाला मशिनं लागली. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. ती घाबरली, भोकाड पसरलं, एक मशीन ओरबाडून फेकलं. बुधी माझ्याकडे बघत राहिली. मशिनं बसवणाऱ्या बाईंनी समजावलं, आवाज कसा असतो तेच हिला माहीत नाही, सवय होईल, हिच्याशी सारखं बोलत राहा. मग वाडीत आणि गावात जो तो दिपिकाशी बोलायला लागला. बाजाराचा भाव, नवऱ्याची तक्रार, काहीही. आई तर अंगणवाडीच्या पायरीवर बसून तिला तासन्‌तास काय काय सांगायच्या. ती मान वळवायला लागली. हसायला लागली. पण तोंडातून शब्द काही फुटेना. ज्येष्ठ गेला तरी नाही. बुधी विचारायची नाही, आणि मी मनातून पार धास्तावले होते. उशीर तर झाला नाही ना?

लावणी आली. आता माझी फेडायची पाळी. डॉक्टरांनी चिखलाला हरकत घेतली नव्हती, मऊ असतो म्हणाले. मी सुट्टीचा आणि अंगणवाडीनंतरचा वेळ धरून लहानीचं शेत लावलं, ताराबाईंचं लावलं, सरिताचं, अनिताचं. सगळ्यात शेवटी वरच्या वाडीत बुधीच्या खाचरात गेले. ती आडवी आली. ‘‘बाई, तुमी नका. माझ्या पोरीसाठी एवढं केलंत, तुमची सावड मी कशी घेऊ?’’

‘‘ते वेगळं, हे वेगळं,’’ आई बांधावरून म्हणाल्या. ‘‘पाण्याचे हंडे तू वाहिलेस ना? मग घे.’’

बुधी रडायला लागली. मीही रोपांची जुडी हातात धरून, पोटरीभर चिखलात, तशीच उभी राहिले. काय काय मनात येत होतं. बांधावरच्या खोपीत, मशिनं भिजू नयेत म्हणून, दिपिकाला बसवलं होतं. तिची आमच्याकडे पाठ होती. मातीत रेघोट्या ओढत होती.

आईंना असलं उभं राहणं मुळीच खपत नाही. त्या ओरडल्या, ‘‘वाक!’’

खोपीत दिपिकाची मान वळली. तिने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि आईंसारखाच हात कमरेवर ठेवून, फुटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘वाऽक.’’

खाचरातले सगळे हात थांबले. बुधीच्या हातातली जुडी पाण्यात पडली. आई, ज्यांचा आवाज कधी बसत नाही, त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. त्यांनी नुसता खोपीकडे हात केला.

दिपिकाला वाटलं, मला ऐकू आलं नाही. ती उठून उभी राहिली आणि आणखी जोरात ओरडली, ‘‘वाऽक!’’

मी वाकले.